कोंड्याचे स्कोन

मर्विन गिल्पिन गेला हे डिम्पना मॅकार्डलला रेडिओने सांगायची गरज नव्हती. सफरचंदाच्या बागेत शिडीच्या पायाशी पडलेला तो तिलाच सापडला होता. अँब्युलन्स येईपर्यंत त्याचं डोकं मांडीवर घेऊन ओल्या गवतात तीच बसली होती. पण इस्पितळाच्या दारात "आपण नातेवाईक का?" असं विचारलं गेलं, आणि तिथून पुढचं सगळं तिच्या हातातून निघून गेलं.

तरीही सकाळी स्थानिक रेडिओवर मृत्यूच्या बातम्या लागल्या तेव्हा ती भांडी तशीच टाकून ओल्या हातांनी ऐकत उभी राहिली.

"मर्विन गिल्पिन, ड्रमलॉक. दिवंगत सॅम्युएल आणि मार्था यांचे पुत्र, आयरिसचे लाडके बंधू, हर्बर्टचे मेहुणे, स्टुअर्टचे मामा. घरी फक्त कुटुंबीयांनी यावं. अंत्यविधी गुरुवारी दुपारी प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये. त्यानंतर हॉलमध्ये सर्वांसाठी चहा."

झालं. पुढे हवामान सुरू झालं. बेलफास्टकडे पाऊस, आर्मा परगण्यात धुकं.

डिम्पनाने रेडिओ बंद केला. तिचा धाकटा भाऊ मॅलकी टेबलाशी बसून चहा पीत होता. गल्लीच्या वरच्या टोकाला त्याचं घर, आणि बहिणीकडे चहा प्यायल्याशिवाय त्याचा दिवस सुरू होत नसे.

"तुझं नाव घालतील असं वाटलं होतं की काय तुला?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग अशी का उभी आहेस?"

"ऐकत होते. शेजारीण म्हणूनसुद्धा नाही घातलं."

ड्रमलॉकमध्ये सगळ्यांना सगळं माहीत होतं, पण कुणी ते तोंडाने बोलत नव्हतं. मॅकार्डलांचं छोटं शेत आणि गिल्पिनांची मोठी बाग, मधे हेझलच्या झुडपांचं कुंपण. गिल्पिन प्रेस्बिटेरियन, मॅकार्डल कॅथलिक. मर्विन त्याच्या बाजूने कुंपण छाटायला यायचा, डिम्पना तिच्या बाजूने हेझलनट वेचायला जायची. दोघं तेव्हा तिशीतली होती. मर्विनची आई मार्था घराच्या वरच्या खिडकीत बसून ते कुंपण पाहायची. नव्वदी ओलांडेपर्यंत ती त्या खिडकीत बसली. ती असेपर्यंत मॅकार्डलांच्या पोरीने गिल्पिनांचा उंबरा ओलांडायचा नाही, हे ठरलेलं होतं. म्हणून मर्विनने आपल्या घराचा उंबरा ओलांडला. रोज संध्याकाळी बागेचं काम आटोपलं की सायकल डिम्पनाच्या फाटकाला टेकवायची, पुढच्या दाराने आत यायचं, बूट काढायचे आणि चहा प्यायचा. ऊन असो, बर्फ असो, बाहेर दंगेधोपे असोत. त्या वाईट वर्षांत दोन्हीकडच्या लोकांनी त्याला बजावलं होतं. तो हो म्हणायचा आणि संध्याकाळी सायकल घेऊन यायचा.

स्कोनचं, म्हणजे चहाबरोबर खायच्या छोट्या गोल पावांचं, प्रकरण पुढे, म्हातारपणी सुरू झालं. डॉक्टरांनी मर्विनच्या रक्तात साखर सापडल्याचं सांगितलं आणि मैदा, क्रीम, गोड पाव सगळं बंद केलं. मर्विनचं तोंड आठवडाभर उतरलेलं होतं. मग डिम्पनाने कोंड्यासकट दळलेलं जाडं गव्हाचं पीठ आणलं. स्कोनमध्ये साखरेऐवजी त्याच्याच बागेतल्या सफरचंदाच्या वाळवलेल्या फोडी घातल्या, ओढ्याकाठची आंबट डॅमसन फळं वाळवून घातली, आणि कुंपणातले हेझलनट फोडून घातले. पहिला घाणा दगडासारखा झाला. मर्विनने एक स्कोन अंगणातल्या कोंबड्यांना टाकला. कोंबड्या त्याच्याभोवती एक फेरी मारून निघून गेल्या.

"बघ," मर्विन म्हणाला होता, "त्यांनासुद्धा अक्कल आहे."

पण दुसरा घाणा जमला, आणि त्यानंतर मर्विनने दुसरं काही मागितलं नाही. कोंबड्यांचं खाणं म्हणायचा आणि दोन खायचा.

बुधवारी डिम्पना काळा कोट घालून आयरिसच्या घरी गेली. मर्विनला अंत्यदर्शनासाठी त्याच्या स्वतःच्या घरी ठेवलं नव्हतं. आयरिसने भावाला आपल्याकडे, मोठ्या रस्त्यावरच्या बंगल्यात आणलं होतं. दार आयरिसनेच उघडलं. नीट बसवलेले केस, मोत्यांची माळ, डोळे सुजलेले.

"मिस मॅकार्डल."

इतक्या वर्षांत तिने डिम्पनाला नावाने कधी हाक मारली नव्हती.

"मिसेस टॅगर्ट, त्याला एकदा बघून जाते. फार वेळ नाही थांबणार."

"घरी फक्त कुटुंब आहे. रेडिओवर सांगितलं होतं ना आम्ही? शेजारपाजारच्यांनी उद्या चर्चमध्ये यावं."

तिच्या मागे खुंट्यांवर कोटांची रास लागली होती. त्यातला एक तर पोस्टमनचा होता, हे डिम्पनाला लांबून कळलं. आतून कपबशांचा आवाज येत होता, कुणीतरी हळूच हसलंही.

"पोस्टमन कुटुंबात कधी आला?" डिम्पना म्हणाली.

आयरिसने दार थोडं ओढून घेतलं. "आणि हे बघा, उद्यासाठी काही भाजूनबिजून आणू नका. हॉलच्या बायका सगळं करताहेत. सँडविचं आहेत, केक आहेत, क्रीमचे स्कोन आहेत. तुमचं ते कोंड्याचं... लोकांचे दात असतात, मिस मॅकार्डल. मयताच्या चहाला कुणी ते खात नाही."

"मर्विन खायचा."

"मर्विनचं काय घेऊन बसलात! तो कुठेही बसायचा आणि काहीही खायचा."

दार लागलं. डिम्पना पायरीवर उभी राहिली. तिला रडू आलं नाही. उलट अंगातून रागाची धग चढत गेली. शाळेच्या बसवर ड्रायव्हर असताना मागच्या बाकावरून कुणी तिला नावं ठेवली की अशीच चढायची. तेव्हा ती बस रस्त्याच्या कडेला लावायची, इंजिन बंद करायची आणि गाडीत टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी शांतता होईपर्यंत बसून राहायची. मग गाडी वेळेवर पोचो न पोचो.

घरी येऊन तिने पहिलं काय केलं, तर वाळवलेली फळं काढून कोऱ्या थंड चहात भिजत घातली.

गुरुवारी सकाळी मॅलकी आला तेव्हा स्वयंपाकघरात भाजलेल्या हेझलनटचा वास भरला होता. डिम्पना गरम दाणे फडक्यात घेऊन चोळत होती, सालं सुटून टेबलावर पसरली होती. मोठी परात पिठाने भरलेली होती.

"कुणासाठी चाललंय हे?"

"चहासाठी."

"अगं, तिने तोंडावर नको म्हटलंय ना तुला?"

"म्हणून तर दुप्पट करतेय."

"शोभा करून घेशील. त्यांचं चर्च, त्यांचा हॉल, त्यांचं मयत."

डिम्पनाचा हात थांबला. "मयत कुणाचं?" तिने विचारलं.

मॅलकीने टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. "मला तसं नव्हतं म्हणायचं."

"मग नीट बोल. आणि ते ताक दे इकडे."

तिने जाड्या पिठात ओट घातले, मीठ आणि खायचा सोडा घातला. थंड लोण्याचे तुकडे टाकून बोटांच्या टोकांनी चोळत राहिली, रव्यासारखं होईपर्यंत. मग फळं, मग फोडलेले दाणे, आणि मधे खड्डा करून ताक. मैद्याला लागतं त्यापेक्षा जास्त, कारण कोंडा ओलावा पिऊन टाकतो. हे पहिल्या घाण्यात तिला ठाऊक नव्हतं. गोळा जेमतेम एकत्र आला आणि तिने हात काढून घेतले. मळलं की मेलं. थोडा वेळ पीठ तसंच राहू दिलं, मग फळीवर थापलं, जाड ठेवलं, आणि वाटी सरळ खाली दाबत गोल कापले. वाटी फिरवली की कड चिकटते आणि स्कोन तिरका फुगतो. मर्विन तिरक्या स्कोनला 'आयरिसची टोपी' म्हणायचा. ते आठवून ती हसली आणि मधेच थांबली. वाटी हातात धरून ती क्षणभर टेबलाला टेकून उभी राहिली. मॅलकी खिडकीबाहेर बघू लागला.

"ओव्हनचं दार उघड," ती म्हणाली. "नुसता बसलायस काय!"

पहिला ट्रे आत गेला.

मॅलकीने आयुष्यात प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. दारातच तो कुजबुजला, "गुडघे कधी टेकायचे?"

"इथे टेकत नाहीत."

"मग हे लोक करतात काय?"

"ऐकतात. बस मागे, आणि टोपी काढ."

ती मागे बसली नाही. स्कोनचा मोठा पत्र्याचा डबा तिने येताना हॉलमध्ये पोचवला होता. आता ती मधल्या वाटेने सरळ पुढे चालत गेली. चर्च गच्च भरलं होतं. तिच्या बुटांचा आवाज लाकडी फळ्यांवर वाजत होता आणि बाकाबाकावरची डोकी वळत होती. डावीकडचा पहिला बाक गिल्पिनांचा. त्यावर आयरिस, तिचा नवरा हर्बी आणि मुलगा स्टुअर्ट, तिघंच. बाकी बाक रिकामा, कारण गिल्पिनांत आता उरलं होतं कोण? समोर शवपेटी होती. डिम्पनाने पेटीच्या लाकडावर तळहात ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला, आणि मग बाकाच्या टोकाला बसली.

आयरिसचं तोंड पांढरं पडलं. "ही जागा घरच्यांची आहे," ती दात आवळून म्हणाली.

"म्हणून तर आले," डिम्पना म्हणाली आणि तिने स्तोत्रांचं पुस्तक उघडलं.

पाद्री तरुण होता, नुकताच आलेला. त्याला जे सांगितलं होतं ते त्याने सांगितलं. मर्विन कष्टाळू होता, सज्जन होता, अविवाहित होता. आईची त्याने शेवटपर्यंत सेवा केली. "आणि त्यानंतर," पाद्री म्हणाला, "ते एकटे, शांतपणे राहिले."

"एकटा कुठे?" डिम्पना म्हणाली.

ती ओरडली नाही. पण तिचा आवाज बसच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय असलेला होता. पाद्री थांबला. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग आयरिसकडे, मग हातातल्या कागदाकडे. नंतर त्याने पुढचं स्तोत्र जाहीर केलं, आणि लोकांनी ते गरजेपेक्षा जरा मोठ्याने म्हटलं.

दफन झालं. धुकं विरलं नव्हतंच. लोक हात चोळत हॉलमध्ये शिरले. आत चहाचा मोठा बंब खदखदत होता. लांब टेबलांवर पांढरी कापडं, अंड्याची आणि हॅमची सँडविचं, आयसिंगवाले केक, आणि क्रीम भरलेले मैद्याचे गुबगुबीत स्कोन. डिम्पनाने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली. तिचा डबा कुठेच नव्हता.

हॉलचा चहा युनिस बघायची. कामसू, गोल चेहऱ्याची बाई. लहानपणी ती डिम्पनाच्या बसने शाळेत गेली होती आणि अजूनही तिला बघून जरा सावरून उभी राहायची. ती लगबगीने पुढे आली. हातात एप्रन होता.

"मिस मॅकार्डल, आत हात लावता का जरा? कपबश्या विसळायला माणूस कमी आहे. आत गरमही आहे, बरं वाटेल."

युनिसच्या मनात वाईट काही नव्हतं. पण आयरिस पलीकडून बघत होती, आणि तिने मान किंचित हलवलेली डिम्पनाला दिसली. आत मोरीशी उभं करायचं, म्हणजे बाहेर कुणाला दिसायला नको.

"आज नाही, युनिस. इतर कुठल्याही मयताला बोलव, सगळ्या कपबश्या धुईन. आज मी घरची आहे. घरचे भांडी घासत नाहीत."

युनिसचा चेहरा लाल झाला. एप्रन तिने पाठीमागे लपवला.

"माझा डबा कुठे आहे?"

"तो... मिसेस टॅगर्ट म्हणाल्या की टेबलावर जागा नाही, म्हणून आत..."

डिम्पना आत गेली. डबा मोरीखाली, साबणाच्या पाण्याच्या बादलीशेजारी ठेवला होता. ती वाकली तेवढ्यात मागे दार लागलं. आयरिस आली होती.

"तिथेच राहू द्या तो, मिस मॅकार्डल. झाला तेवढा तमाशा पुरे झाला."

"तमाशा अजून मी केलेला नाही, आयरिस."

नाव ऐकून आयरिस दचकली.

"माझ्या भावाच्या मयतात तुम्ही मला खाली बघायला लावलंत. देवाच्या घरात! तुम्ही त्याच्या कोण होतात? सांगा ना, कोण? आई गेली त्याला किती वर्षं झाली. त्याला तुम्हाला घरात आणायचं असतं तर कोण अडवणार होतं? मी? मी नसतं अडवलं. त्याने आणलं नाही, कारण त्याला आणायचं नव्हतं. एवढं साधं आहे ते."

हे तिने कित्येक वर्षं मनात धरून ठेवलं असणार. बोलून झाल्यावर तिला धाप लागली.

डिम्पनाने डबा उचलून ओट्यावर ठेवला. फडक्याने त्यावरचं साबणाचं पाणी पुसलं.

"त्याने विचारलं होतं मला," ती म्हणाली.

"काय?"

"लग्न करशील का म्हणून. तुझी आई गेल्यावर, पुढच्या वसंतात. बागेत सगळीकडे फुलं होती. टोपी हातात घेऊन विचारलं, पोरासारखं. मी नाही म्हटलं."

"खोटं आहे हे."

"नाही म्हटलं, आयरिस. कारण त्या घरात मी गेले असते तर जन्मभर तुझ्या आईच्या खिडकीखाली राहिले असते. ती मेली तरी खिडकी होतीच. शिवाय तुमचे पाद्री येणार, आमचे फादर येणार, कोण कुठल्या चर्चला जाणार याच्या वाटाघाटी होणार. आणि तू येणार, दर रविवारी, पडद्यांना हात लावून बघायला. मला काय गरज? माझ्या घरात तो पुढच्या दाराने येत होता. दिवसाउजेडी, सायकल रस्त्यावर लावून, सगळ्या ड्रमलॉकच्या नाकावर टिच्चून. ते आम्ही मिळवलं होतं. तुमच्या आडनावासाठी मी ते सोडणार नव्हते."

"मला सांगितलं असतं त्याने," आयरिस म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "दर रविवारी माझ्याकडे जेवायला यायचा. एकदासुद्धा तुझं नाव नाही काढलं. एकदासुद्धा!"

"तू कधी विचारलंस?"

आयरिस ओट्याला धरून उभी राहिली. ती रडू लागली, आवाज न करता, आणि रडताना तिचा खालचा ओठ मर्विनसारखाच एका बाजूला ओढला गेला. डिम्पनाला ते पाहवेना. या बाईचा भाऊ गेला होता, हे तिला कळत होतं. जवळ जाऊन दंडावर हात ठेवावा असं वाटून गेलंही. पण मग मोरीखालची बादली दिसली.

"रड," ती म्हणाली. "रडायलाच हवं त्याच्यासाठी. पण हा डबा बाहेर जाणार."

"मी सगळ्यांसमोर सांगेन, नेऊन टाका हे म्हणून."

"सांग ना. आज मला कुणाचीच भीती नाही बघ. माझं काय नेणार आहात आता तुम्ही?"

आयरिस दारातून बाजूला झाली नाही. डिम्पनाने डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि चालायला लागली, आणि शेवटच्या क्षणी आयरिसला हलावंच लागलं.

हॉलच्या मधल्या टेबलावर आयसिंगचा मोठा केक होता. डिम्पनाने तो उचलून बाजूला सरकवला, तिथे डबा ठेवला आणि झाकण काढलं. भाजलेल्या गव्हाचा, दाण्यांचा, आंबटगोड फळांचा वास बाहेर आला. आजूबाजूची कुजबुज थांबली. मागच्या भिंतीशी मॅलकी कपाळाला हात लावून उभा होता.

"ऐका," डिम्पना म्हणाली.

तेवढंच. पण त्या हॉलमधली निम्मी माणसं कधीकाळी तिच्या बसमध्ये बसली होती. कप बश्यांवर टेकले. हॉल गप्प झाला.

"रेडिओवर नावं सांगितली तेव्हा एक राहून गेलं. माझं. मी डिम्पना मॅकार्डल. मर्विन रोज माझ्याकडे चहा प्यायचा, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, उगाच छताकडे बघू नका. डॉक्टरांनी त्याचा मैदा बंद केला तेव्हापासून तो हे खायचा. कोंड्याचं पीठ आहे, त्याची सफरचंदं आहेत, आमच्या दोघांच्या कुंपणातले दाणे आहेत. ज्याला मर्विनसाठी काही खायचं असेल त्याने हे खावं. ज्याला नको त्याला क्रीमचे आहेत."

कुणी हललं नाही. एका बाईने कप खाली ठेवला, पर्स उचलली आणि नवऱ्याचं कोपर धरून दाराबाहेर नेलं. त्यांच्यामागे अजून दोघं गेली. पाद्री हातात सँडविच घेऊन उभा होता, खावं की नाही याच्या पेचात. डिम्पना डब्याशेजारी ताठ उभी राहिली. तिने हात कोटाच्या खिशात घातले.

पहिला पुढे आला तो सिडनी, सफरचंदांच्या पेट्या वाहणारा म्हातारा. त्याला दोन्ही कानांनी ऐकू येत नसे. तिने काय सांगितलं यातलं अक्षरही त्याला कळलेलं नव्हतं. त्याला भूक लागली होती. त्याने स्कोन उचलला, लोणी फासलं, चावला, बराच वेळ चावत राहिला, आणि मग बहिऱ्या माणसाच्या आवाजात गरजला, "अरे, हे तर मर्विनचे! तुझ्या ओट्यावर बसून खाल्लेत हे मी! पेट्या टाकायला यायचो तेव्हा! म्हणायचा, सिडनी, दात सांभाळ!"

कुणीतरी हसलं. मग हर्बी टेबलाशी आला. आयरिसचा नवरा, उभ्या जन्मात बायकोपुढे शब्द न काढलेला माणूस. तो डिम्पनाकडे पाहत नव्हता, बायकोकडेही नाही. त्याने एक स्कोन घेतला आणि उभ्याउभ्याच, लोणी न लावता, खाल्ला. मग दुसरा घेऊन रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. युनिस हात पुसत बाहेर आली आणि तिने एक घेतला. "माझ्या दातांना काही होत नाही हं," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, आणि लाजून आत पळाली.

सगळ्यांनी घेतले असं नाही. कितीतरी जण क्रीमच्या स्कोनशीच राहिले आणि भिंतीला पाठ लावून बघत बसले. एकाने तोंडातला दाणा काढून बशीच्या कडेला ठेवला. त्याचं डिम्पनाला काही वाटलं नाही. तिने खुर्ची ओढली, घरच्या मंडळींसाठी मांडलेल्या रांगेत ठेवली आणि बसली.

सिडनीच तिच्यासमोर आला. लोण्याचे हात विजारीला पुसून त्याने उजवा हात पुढे केला आणि त्या भागात मयताच्या घरच्यांना जे म्हणतात ते, गरजतच, म्हणाला. "वाईट झालं हो तुमचं!"

इतक्या दिवसांत हे तिला कुणी म्हटलं नव्हतं. मॅलकीनेसुद्धा नाही.

"झालं खरं," डिम्पना म्हणाली. तिने त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

सिडनीच्या मागे पोस्टमन उभा होता, मान खाली घालून. त्याच्यामागे बागेतली सफरचंदं तोडायला येणाऱ्या दोन बायका. त्यांच्यामागे पाद्री. त्याने सँडविच कुठेतरी ठेवून दिलं होतं. "मला माहीत नव्हतं," तो हळूच म्हणाला. "आता कळलं ना," ती म्हणाली, "मग पुढच्या वेळी विचारत जा." तो हो म्हणाला.

आयरिस बाजूच्या दाराने निघून गेली. ती त्यानंतर डिम्पनाशी कधीच बोलली नाही. बाग स्टुअर्टकडे गेली, आणि तोही डिम्पनाकडे न बघता ट्रॅक्टर नेतो. पण लोकांशी बोलतानाही आयरिसच्या घरच्या कुणीही डिम्पनाला पुन्हा कधी शेजारीण म्हटलं नाही. दुसरा शब्द त्यांना सापडला नसावा.

त्या दिवशी हॉलमध्ये मात्र रांग संपत नव्हती. बाहेर काळोख उतरू लागला तसा मॅलकी टोपी फिरवत तिच्यापाशी आला.

"चल आता. गाईंची धार काढायची राहिलीय, उशीर झालाय."

हस्तांदोलन करून करून डिम्पनाचा हात दुखायला लागला होता. तिने तो मांडीवर चोळला, मान वाकडी करून रांगेचं टोक पाहिलं, आणि पुढच्या माणसापुढे पुन्हा हात केला.

"गाईंना थांबू दे," ती म्हणाली. "माझ्याकडे लोक येताहेत."